'विच कल्ट्स ऑफ द रेडिओ एज' हा अल्बम कसा ऐकावा

बर्मिंगहॅमचा 'ब्रॉडकास्ट' हा संगीतगट, म्हणजे ट्रिश कीनन आणि जेम्स कारगिल, आणि 'द फोकस ग्रुप' या नावाने ध्वनीची कात्रणे जोडणारे ज्युलियन हाउस यांनी मिळून केलेला हा अल्बम २००९ मध्ये 'वॉर्प' या ब्रिटिश ध्वनिमुद्रण कंपनीने प्रकाशित केला. त्यात नेहमीसारखी गाणी शोधायला गेल्यास निराशा होते. २३ तुकड्यांपैकी अनेक दोन मिनिटेही टिकत नाहीत, आणि एखादी चाल मनात रुजते न रुजते तोच ती कापली जाते. हे कापणेच येथील रचना आहे, असे मानून सुरुवात करावी.

प्लेअरमधील शफल बंद करावे. एका तुकड्यातून दुसरा तुकडा आपोआप मिसळणारी सोय असल्यास तीही बंद करावी, कारण जोड कोठे तुटतो हे ऐकू आले पाहिजे. पहिल्या वेळी हेडफोन लावून, शब्दांचा अर्थ लावायचा प्रयत्न न करता, सलग ऐकावे.

दुसऱ्या वेळी 'द बी कॉलनी'चा माग घ्यावा. ते दुसऱ्या क्रमांकावर येते आणि अगदी शेवटच्या तुकड्यात परतते. मधल्या सगळ्या गोंधळानंतर ते ओळखीचे वाटते, आणि अल्बममधील स्मरणरंजन मला तरी याच क्षणी सर्वांत खरे वाटते.

त्यानंतर बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे कार्यक्रमांसाठी ध्वनिपरिणाम आणि इलेक्ट्रॉनिक संगीत तयार करणाऱ्या विभागात, डेलिया डर्बीशायर यांनी १९६० च्या दशकात टेप कापून, जोडून केलेले काम ऐकावे. कारगिल आणि हाउस कोणत्या ध्वनिविश्वाकडे वळून पाहत होते, ते त्यातून कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा लवकर उमगते.

शीर्षकातील 'विच कल्ट्स' म्हणजे चेटकिणींचे पंथ, पण या गूढविद्येच्या बाजूने मात्र फार खोल खणू नये. चेटकिणींचा गुप्त पंथ युरोपात टिकून होता, ही कल्पना ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट मरे यांच्या १९२१ च्या पुस्तकाने लोकप्रिय केली आणि पुढे इतिहासकारांनी ती नाकारली. येथे तिचा उपयोग वातावरणापुरता आहे. 'अ सीआन्सिंग साँग' (सीआन्स म्हणजे मृतात्म्यांशी बोलण्याची बैठक) ऐकताना म्हणूनच विधीचा अर्थ न शोधता कीनन यांच्या शांत, जवळजवळ निर्विकार आवाजाकडे लक्ष द्यावे. जानेवारी २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. हे ठाऊक झाल्यावर दूरच्या प्रक्षेपणातून आल्यासारखा तो आवाज वेगळा ऐकू येतो, म्हणून ही माहिती मी मुद्दाम पहिल्या श्रवणाच्या आधी सांगत नाही.