मुंबईहून सायकलवर श्रीवर्धनला, मुक्काम करत करत: रस्ता सोपा आहे, संध्याकाळ सांभाळा

नोव्हेंबर लागला की ऑफिसमधलं नाहीतर बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी विचारतंच, की सायकलने अलिबाग, मुरुड करत श्रीवर्धनपर्यंत जायचंय, मध्ये हॉस्टेलवर राहायचं, तर काय काय लागेल? आणि विचारणाऱ्याला आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की जाड जेलची सीट घे, पॅडेड शॉर्ट्सच्या (बसायच्या जागी आतून गादी शिवलेली सायकलची शॉर्ट्स) आत अंडरवेअर घाल, सॅक पाठीवर चालते. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि ऐकून ऐकून मला आता राग यायला लागलाय, कारण असं करून गेलेली माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी एसटी स्टँडवर बसलेली मी बघितलीयेत. मी मुलुंडची, या पट्ट्यात बरेच हिवाळे सायकल चालवलीय, एकटीने आणि ग्रुपबरोबर पण. तुम्हाला ५०-६० किलोमीटर एका दमात चालवता येतात आणि पंक्चर काढता येतं हे मी धरून चालते. येत नसेल तर आधी दोन-तीन रविवार तेवढंच करा.

मार्ग

पहिल्या वेळी मुंबई-गोवा हायवेने जाऊ नका. ट्रक, धूळ, कामं, आणि बघायला काही नाही. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने (गाड्याही चढवता येतात ती मोठी बोट) मांडवा, तिथून अलिबाग साधारण २० किलोमीटर, अलिबागहून रेवदंडा, साळाव, कोर्लई, काशीद, नांदगाव करत मुरुड अजून ५० च्या आसपास. हा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी मुरुडहून राजपुरीकडचा चढ, डावीउजवीकडे वळणं आणि खाली समुद्रात जंजिरा, मग आगरदांड्याला फेरीबोट, पलीकडे दिघी, दिवेआगर, आणि शेखाडीवरून समुद्राला चिकटून जाणारा रस्ता धरून श्रीवर्धन. तिसऱ्या दिवशी म्हसळ्यावरून माणगाव, तिथे कोकण रेल्वे. अंतर बघून दुसरा दिवस छोटा वाटतो पण चढ तिथेच जास्त आहेत.

अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, सी-लिंक, यातल्या कशावरही सायकल चालत नाही. मॅप तिकडूनच नेतो, त्याचं ऐकू नका. धक्क्याला जवळचं स्टेशन डॉकयार्ड रोड. पहाटे मुंबईतून सायकलनेच जा, सायन, परळवरून रस्ते रिकामे असतात. रो-रोला सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ते आदल्या दिवशीच बघून ठेवा.

मुक्काम ठरवताना फोनवर विचारायचं ते

बंक बेडवाली हॉस्टेलं अलिबागच्या बाजूला मिळतात, पुढे मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धनला "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशा पाट्यांची घरं असतात, त्यातल्या काहींकडे डॉर्मिटरी म्हणजे एका मोठ्या खोलीत पाच-सहा गाद्या. मला ही घरंच जास्त आवडतात. पण कुठेही राहा, ऑनलाइन बुक करून गप्प बसू नका, फोन करा.

सायकल रात्री आत ठेवता येईल का? "कंपाउंडमध्ये ठेवा, काही होत नाही" हे उत्तर चालणार नाही. एका हॉस्टेलवर मी हेच ऐकून सायकल बाहेर लावली आणि सकाळी पुढचा लाइट आणि सीटखालची पाउच गेलेली, आत दोन ट्यूब होत्या. व्हरांडा, जिन्याखालची जागा, पडवी, काहीही चालेल, पण कुलूप लागणाऱ्या दाराच्या आत. दुसरं, मुंबईच्या पत्त्याचं आधार चालतं ना? काही हॉस्टेलं जवळपासच्या लोकांना बेड देत नाहीत, आणि हे तुम्हाला ७० किलोमीटर चालवून गेल्यावर काउंटरवर कळायला नको. बायकांनी डॉर्म वेगळी आहे का ते विचारा, आणि बाथरूम त्याच मजल्यावर आहे का ते पण. तिसरं, खोलीत पंखा आहे ना आणि रात्री लाइट जातात का? हा पंख्याचा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, पण सगळं त्याच्यावर आहे, खाली सांगते.

सायकल आणि सामान

हायब्रिड (रस्ता आणि खडबडीत वाट दोन्हीला चालणारी) किंवा साधी गिअरची सायकल, ३२ ते ३८ मिलिमीटरचे टायर, ब्रेक पॅड नवे, दोन ट्यूब, पंप. सामान कॅरिअरवर, पाठीवर काही नको. बस्स. सीटबद्दल एकच सांगते, मऊ आणि रुंद सीट पहिल्या तासाला गादीसारखी वाटते आणि चौथ्या तासाला मांड्या घासून काढते. कंपनीने दिलेली साधी कडक सीट, नीट उंचीवर लावलेली, तीच चांगली.

संध्याकाळ

आता जे सांगतेय ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यामुळे माझी पहिली ट्रिप दिवेआगरला संपली.

अनेक दिवसांच्या सायकलिंगमध्ये पाय दुखून कुणी थांबत नाही. थांबतात ते जांघेत सोलवटल्यामुळे, आणि ते होतं ओल्या किंवा अस्वच्छ पॅडेड शॉर्ट्समुळे. कोकणच्या हवेत ओलावा इतका की डिसेंबरातसुद्धा जाड पॅड रात्रीत आपोआप वाळत नाही. त्या वर्षी मी मुरुडला पोचले तेव्हा सात वाजून गेले होते, अंधार पडलेला, भूक लागलेली, मी आधी जेवले, मग गप्पा मारल्या, मग कधीतरी दहाला शॉर्ट्स धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकली आणि झोपले. पहाटे हात लावला तर रात्रीपेक्षा जास्त ओली. म्हटलं अंगावर वाळेल. राजपुरीच्या चढावर चुरचुरायला लागलं, आगरदांड्याच्या बोटीत मला खाली बसवेना, आणि दिघी सोडल्यावर प्रत्येक खड्ड्याला डोळ्यात पाणी. दिवेआगरला जिथे उतरले त्या काकूंनी माझी चाल बघूनच ओळखलं. "अगो, रात्री अंगणात काय वाळतंय? दहिवर पडतं. घरात घालायची, पंख्याखाली." तिथून मी टेम्पोने घरी आले, दोन मोठी केसतुडं, पंधरा दिवस सायकल बंद. पण त्या संध्याकाळी काकूंनी जे करून दाखवलं तेच मी आजही करते.

पहिली गोष्ट, उजेडात पोचा. चार, फार तर साडेचार. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि तुम्हाला दीड-दोन तास हातात हवेत. त्यासाठी सकाळी लवकर निघा, काशीदच्या बीचवर दोन तास लोळू नका.

पोचल्यावर चहाच्या आधी शॉर्ट्स काढायची. घामेजलेल्या पॅडवर तासभर गप्पा मारत बसणं हे सगळ्यात वाईट, केसतूड तिथेच धरतं. आंघोळ करा, अंग कोरडं होऊ द्या, सैल सुती काहीतरी घाला, आत काही नको.

शॉर्ट्स धुवायची ती अंगाच्या साबणाने. पावडर वापरू नका, ती पॅडच्या फोममध्ये राहते आणि दुसऱ्या दिवशी घाम आला की तिथेच झोंबते. कपडे मऊ करणारं ते सुगंधी लिक्विड तर अजिबात नको. उलटी करायची, पॅड वर, हाताने दाबून दाबून धुवायची आणि फेस जाईपर्यंत पाणी बदलायचं, मला तीन बादल्या लागतात. पिळायची नाही. पिळली की फोमला घडी पडते आणि ती घडी दुसऱ्या दिवशी नेमकी नको तिथे येते.

मग पंचा. जाड टर्किशचा टॉवेल घरी ठेवा, दोन सुती पंचे घ्या, वजन काही नसतं. एक कोरडा पंचा जमिनीवर पसरायचा, त्यावर उलटी केलेली शॉर्ट्स सपाट ठेवायची आणि अळूवडीचा उंडा वळतो तशी पंच्यासकट घट्ट सुरळी करायची. मग त्या सुरळीवर उभं राहायचं, टाचांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबत जायचं, एकदम सावकाश. उघडून बघा, पंचा चिंब झालेला असतो. दुसरा कोरडा पंचा घ्या आणि परत. दुसऱ्यांदा करायचा लोक कंटाळा करतात, तो करू नका, कारण सकाळी जो ओलावा राहतो तो या दुसऱ्या वेळेलाच निघणारा असतो.

वाळत घालायची ती पंख्याखाली, पॅड बाहेरच्या बाजूला, कमरेच्या पट्टीला दोन चिमटे लावून उघडी टांगायची म्हणजे आतून बाहेरून वारा लागेल. बेडच्या दांडीवर दुमडून टाकली तर दुमड ओलीच राहते. मी तीन मीटर नायलॉनची दोरी आणि सहा चिमटे नेहमी नेते, खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी बांधते. एसी डॉर्म असेल तर अजून छान, एसी हवेतला ओलावा ओढून घेतो. कूलर असेल तर त्याच्यापासून लांब, तो उलट ओलावा सोडतो. डॉर्ममध्ये सगळ्यांसमोर शॉर्ट्स टांगायची लाज वाटते, मलाही वाटायची, मी सरळ सांगते की मला उद्या हीच घालून सायकल चालवायचीय, आणि आजवर कुणी काही म्हटलेलं नाही.

सकाळी पॅड गालाला लावून बघा. बोटांना कळत नाही, गालाला कळतं. गार लागलं तर आत ओल आहे. म्हणून दोन शॉर्ट्स हव्यातच, आलटून पालटून, पण दुसरी आहे म्हणून पहिली धुवायची टाळू नका, तिसऱ्या दिवशी तीच लागणार असते. ओली शॉर्ट्स घालून निघायचं नाही. अर्धा तास उशीर झाला तरी चालेल, फेरीबोट पुन्हा येते.

घालताना आत अंडरवेअर नको, त्याची शिवण म्हणजे करवत. ज्या जागी घासतं तिथे आधीच पेट्रोलियम जेली लावा, घासायला लागल्यावर नाही. दर अर्ध्या तासाला दहा-बारा पॅडल उभं राहून मारा, चढ असो नसो.

रात्र

सामान झोपायच्या आधी भरून ठेवा, पहाटे डॉर्ममध्ये प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुरवणं हे वाईट आहे. कानात घालायला बोळे न्या. मालकांना रात्रीच सांगा की साडेसहाला निघणार, गेटची किल्ली कुठे असते आणि सायकल ठेवली त्या खोलीचं कुलूप कोण उघडणार, हे नक्की करून घ्या. मी एकदा पाऊण तास बंद गेटच्या आत उभी राहिलेय. चहाचं पण रात्रीच सांगितलं तर मिळतो, नाहीतर कुणी उठलेलं नसतं. आणि आगरदांड्याच्या बोटीची वेळ तिथल्याच माणसाला विचारा, नेटवरच्या वेळा जुन्या असतात.

चेन रात्री कोरड्या फडक्याने पुसून दोन थेंब तेल. खाऱ्या हवेने एका रात्रीत तांबूस होते.

दुसरा आणि तिसरा दिवस

पाणी तहान लागायच्या आधी, बाटलीत ओआरएस, दर तासाला काहीतरी खायचं, केळं, चिक्की, काहीही. दिवेआगरला जेवायला थांबलात तर उकडीचे मोदक आधी फोन करून सांगा, पण दोनच खा, शेखाडीकडे चढ आहे. त्या रस्त्यावर मात्र घाई करू नका, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला अगदी चाकाखाली समुद्र, तिथे थांबण्यासाठीच आपण आलेलो असतो. श्रीवर्धनला पोचल्यावर पुन्हा तेच सगळं, साबण, पंचे, पंखा. दमलेले असाल, तरी करा.

माणगावहून दिवा स्टेशनला जाणारी सावंतवाडीची गाडी मिळते. सायकल पार्सल ऑफिसमध्ये बुक करायची, त्यासाठी गाडीच्या दीड-दोन तास आधी स्टेशनवर असा, आणि लाइट, बाटल्या, पंप काढून आपल्याजवळ ठेवा. दिव्याला उतरल्यावर सायकल ताब्यात घेऊन मी सरळ मुंब्रा, कळवा, ठाण्यावरून मुलुंडला चालवत येते, ट्रॅफिक असतो, पण तोपर्यंत अंगात वेग आलेला असतो आणि घर जवळ असतं.