हायब्रिड एसयूव्ही घेताय? आधी आपलं रनिंग कुठलं ते बघा

शोरूममध्ये पाऊल टाकलं की सेल्सवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, अठ्ठावीसचं अ‍ॅव्हरेज." आता आकडा काही खोटा नाहीये, मारुतीची ग्रँड व्हिटारा काय किंवा टोयोटाची हायरायडर काय, दोन्हींच्या स्ट्राँग हायब्रिडचं कागदावरचं मायलेज लिटरला २७.९७ किमी आहेच, पण ते टेस्टिंगमधलं, आपल्या वाकड-हिंजवडी रस्त्यावरचं नाही. त्यामुळे त्या आकड्यावर गाडी बुक करू नका.

पहिली गोष्ट, हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली गाडी, पण त्यात माइल्ड आणि स्ट्राँग यात गल्लत नको. माइल्ड हायब्रिड म्हणजे पेट्रोल गाडीच, फक्त छोटी मोटर इंजिनाला जरा हातभार लावते, नुसत्या बॅटरीवर ती गाडी चालत नाही. आणि गंमत अशी की मागे 'हायब्रिड' असा बिल्ला दोघींनाही लागलेला असू शकतो, म्हणून सरळ विचारा की इंजिन बंद ठेवून गाडी हलते का. हलते म्हणाला तर स्ट्राँग. तिला चार्जरची गरज नाही, ब्रेक मारताना आणि उतारावर जी ऊर्जा वाया जाते तीच बॅटरीत जाते आणि कमी पडलं तर इंजिन भरून काढतं.

म्हणूनच हिचा खरा फायदा सिग्नल आणि ट्रॅफिकमध्ये. साधी पेट्रोल ऑटोमॅटिक जिथे उभ्या उभ्या पेट्रोल पिते तिथे ही इंजिन बंद करून एसीसकट शांत उभी राहते आणि पुढे सरकते तीही बऱ्याचदा मोटरवरच. एक्स्प्रेसवेला शंभरच्या स्पीडने एकसारखं जायचं असेल तर ब्रेक लागत नाही, बॅटरीत काही परत येत नाही आणि सगळा भार इंजिनावरच, मग फरक बराच कमी होतो.

आता हिशोब, आणि तो पेट्रोल ऑटोमॅटिकशी करायचा, मॅन्युअलशी नाही, कारण हायब्रिडला क्लच नसतोच. समजा दोन्हींच्या ऑन-रोड किमतीत अडीच लाखांचा फरक आहे, पेट्रोल १०५ रुपये आणि महिन्याचं रनिंग १००० किमी, सगळं शहरात. ऑटोमॅटिकला १३ धरा, हायब्रिडला २२, तर महिन्याला साधारण ३१ लिटर वाचतात, म्हणजे तेहतीसशेच्या आसपास. फरक वसूल व्हायला सव्वासहा वर्षं. रनिंग दुप्पट असेल तर तीन वर्षांच्या थोडं पुढे. आणि तेच १००० किमी बहुतेक हायवेला असतील, १७ विरुद्ध २० धरलं, तर बावीस वर्षांच्या वर जातं, तोवर गाडी भंगारात. रविवारी डीमार्ट आणि वर्षातून दोनदा गावाला एवढंच रनिंग असेल तर माझ्या मते साधी पेट्रोल घ्या, उरलेल्या पैशात बरंच काही होतं. आकडे तुमचे टाकून बघा, शोरूमचे नाही.

बरं, महाराष्ट्रात हायब्रिडला इलेक्ट्रिकसारखे लाड नाहीत. इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के, या साइझच्या हायब्रिडला सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. रोड टॅक्सही पेट्रोलसारखाच, १० ते २० लाखांच्या गाडीला १२ टक्के. हिरवी नंबर प्लेट नाही, अटल सेतू किंवा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेची टोलमाफी पण नाही, कोणी तसं सांगत असेल तर हसून सोडून द्या.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, सगळी फॅमिली घेऊन जा आणि घरातली मोठी बॅगसुद्धा. ही बॅग विसरू नका. ग्रँड व्हिटारा-हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी मागे असल्यामुळे डिकी साध्या व्हेरियंटपेक्षा साधारण शंभर लिटरनी लहान होते, ब्रोशर बघून ते कळत नाही, गणपतीला कोकणात निघताना आजीचा वॉकर, पिशव्या आणि मोदकपात्र घालायला गेलात की कळतं. सात जण असाल तर इनोवा हायक्रॉस बघा, दोन लिटरचं इंजिन, ताकद भरपूर, पण बजेट वेगळंच. आणि गाडी एखाद्या चढावर न्या, चार माणसं बसवून, एसी चालू ठेवून. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन चढावर जोर लावताना घुरघुरतं, गाडीत बिघाड नसतो पण तो आवाज तुम्हाला चालतो का हे आधीच ऐकून घ्या.

घेतल्यावर चालवायची सवय थोडी बदलावी लागते. ब्रेक शेवटच्या क्षणाला दाबण्यापेक्षा लांबूनच अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि हलका ब्रेक धरा, तेवढं जास्त चार्जिंग. सिग्नलला न्यूट्रल करायची आपली जुनी सवय इथे सोडायची, कारण न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही, डीमध्येच ब्रेक धरून थांबा आणि फारच वेळ असेल तर पी. घाट उतरताना गिअर बी मोडवर टाका, त्यात गाडी उतारावर आपोआप रोखून धरली जाते. खंबाटकीसारख्या लांब उतारावर बॅटरी फुल झाली की इंजिन मोठ्याने ओरडायला लागतं, घाबरू नका, ते गाडी रोखून धरत असतं. आणि गाडीचा आवाज येत नाही म्हणून ती बंद आहे असं समजून उतरू नका, डॅशबोर्डवर रेडी दिसतंय का ते बघा, घरात लहान पोरं असतील तर जास्तच.

मोठ्या बॅटरीची चिंता लोक उगाच फार करतात, टोयोटा आणि मारुती दोघंही तिच्यावर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी देतात. दगा देते ती छोटी १२ व्होल्टवाली, गाडी महिनाभर सोसायटीत उभी राहिली की ती उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असली तरी गाडी जागी होत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणा. मोठ्या बॅटरीला गार ठेवायला केबिनमधली हवा ओढणारी एक जाळी असते, कुठे ते मॅन्युअलमध्ये बघा आणि तिच्यावर पिशवी किंवा शाल टाकू नका, कुत्र्याचे केस अडकले तर साफ करून घ्या. नारंगी वायरींना, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या हाय व्होल्टेजवाल्या, ओळखीच्या गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका, आणि बाहेरून सीएनजी किट बसवायचा तर विषयच काढू नका, वॉरंटी जाईल. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबलं असेल तर दुसरा रस्ता धरा. इन्शुरन्स काढताना पाणी शिरून हायब्रिड बॅटरी गेली तर क्लेम बसतो का हे तोंडी नाही, मेलवर विचारा.

सेकंडहँड घेत असाल तर हायब्रिड सिस्टिमच्या तपासणीचा सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट मागा आणि सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं बघा. मालक "रिपोर्ट कशाला, गाडी एकदम ओके आहे" म्हणाला तर चहा पिऊन निघा.