बारावीनंतर कुठे जायचं? घाट, गाड्या आणि होस्टेलातली पोरं

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली पोरं बारावी झाली की मुंबई युनिव्हर्सिटीच धरून चालतात, कारण इथली बरीचशी कॉलेजं तिलाच जोडलेली आणि मुंबईत कोणी ना कोणी काका-मामा असतोच. त्यात वाईट काही नाही, पण सरकारीच हवी असेल तर दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, इंजिनीअरिंगला लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, कोल्हापूरचं शिवाजी, पणजीजवळचं गोवा, आणि सीयूईटी, म्हणजे सेंट्रल युनिव्हर्सिट्यांची प्रवेश परीक्षा, दिलीत तर हैदराबाद, दिल्ली, बनारसही आहे.

निवडताना दोन गोष्टी बघा: घरापासूनचं अंतर, आणि तिथे देशभरातली पोरं भेटतात का. आधी अंतर, पण नकाशावरचं नको. रत्नागिरीहून कोल्हापूर जवळ दिसतं, पण मध्ये आंबा घाट, आणि जुलैत दरड आली की एसटी किती वाजता पोचेल ते कंडक्टरलाही माहीत नसतं. उलट दिल्ली लांब असली तरी मंगला एक्सप्रेस रत्नागिरीहून थेट जाते, एकदा बसलं की झालं. म्हणून किती तास लागतात, गाडी कितीदा बदलायची आणि पावसाळ्यात काय हाल होतात, एवढं कागदावर लिहून काढा. कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, हेही त्यात धरा. आणि गणपती! बाहेरच्या युनिव्हर्सिटीत गणपतीला आपल्यासारखी सुट्टी नसते, रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं आणि बघता बघता वेटिंगवर जातं. घरचा गणपती चुकला तर चालेल का, हे आईला आत्ताच विचारून ठेवा, ऑगस्टमध्ये नको.

आता तिथे पोरं कुठकुठची असतात ते. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारचं कॉलेज-युनिव्हर्सिट्यांचं रँकिंग, त्याच्या साइटवर युनिव्हर्सिटीने भरलेला डेटा मिळतो, त्यात राज्यातले, राज्याबाहेरचे आणि देशाबाहेरचे विद्यार्थी वेगवेगळे दिलेले असतात. एकूण आकड्यावर जाऊ नका, कोर्सच्या वर्षांप्रमाणे ओळी वेगळ्या असतात त्यातली आपली ओळ बघा, कारण एमएला देशभरातली पोरं आणि बीएला सगळी गावचीच, असंही असू शकतं.

आणि हा आकडा कधी कधी फसवतो बरं का. सावंतवाडीचा पोरगा गोवा युनिव्हर्सिटीत गेला की तो 'राज्याबाहेरचा', खरं तर भाषा जवळची, जेवण तेच, शनिवारी घरी. तोच मुंबई युनिव्हर्सिटीच्या कलिना कॅम्पसला गेला तर 'राज्यातला', आणि तिथे त्याच्या बाकावर कोण बसेल सांगता येत नाही.

म्हणून माझ्या मते एकच प्रश्न कामाचा: शनिवार-रविवार होस्टेल रिकामं होतं का? होत असेल तर पोरं जवळपासचीच. तिथे शिकणाऱ्या कोणालातरी फोन लावून विचारा, आणि पहिल्या वर्षाला होस्टेल नक्की मिळतं का तेही विचारा. बाहेर रूम घेऊन चार कोकणातलीच पोरं एकत्र राहिली तर कॅम्पसवर अख्खा देश असून उपयोग काय?

शेवटचं, कागदपत्रांचं. दुसऱ्या राज्याच्या स्टेट युनिव्हर्सिटीत आपल्या जातीच्या दाखल्यावर साधारणपणे आरक्षण मिळत नाही, ओपनमधून जावं लागतं. सेंट्रल युनिव्हर्सिटीत ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी बघायचं. निकालानंतर सेतूत ही गर्दी असते, त्यामुळे परीक्षा संपल्या संपल्या अर्ज टाका.