होडीच्या पठाणाजवळची गळती

आमच्या कोल्हापूरजवळच्या चिखलीनं २०१९ चा महापूर पाहिलाय, त्यामुळे होडी पावसाआधी धडधाकट हवीच. यंदा तळातून पाणी येत होतं. फळ्या शाबूत, नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, जोडही घट्ट. गळत होता तो पठाण, म्हणजे तळाचा कणा, आणि त्याला लागूनची पहिली फळी यांच्यामधला सांधा.

होडी सावलीत पालथी घालून वाळवली. कडक उन्हात फळ्या तडकतात. सांध्यात भरलेला कुजका कापूस उकरून काढला, नवा तेलात भिजवून बोथट छिन्नीनं बसवला. वर तेलात वितळवलेली राळ, मंद आचेवरच, कारण ती पटकन पेटते. कापूस फार ठासू नका: पाण्यात लाकूड फुगतं, जागा नसेल तर खिळे ढिले होतात.

पंचगंगेत उतरवल्यावर आधी थोडं झिरपलं, मग थांबलं.