आल्याच्या कुकीज कडक होतात? या चुका टाळा

'च्युई' कुकीचं कौतुक करायला मराठीत शब्दच नाही. खुसखुशीत आहे, कुरकुरीत आहे, तोंडात विरघळणारं आहे. पण दाताखाली जरा ताणला जाऊन मग तुटणारा पदार्थ आला की आपल्या तोंडून दोनच शब्द निघतात, चिवट आणि वातड, आणि दोन्ही नाक मुरडून म्हणायचे. आल्याच्या मऊ कुकीज घरी बिघडतात त्याचं अर्धं कारण मला यातच दिसतं. आपला हात बसलाय तो नानकटाईवर आणि शंकरपाळ्यांवर. 'झालं' कधी म्हणायचं हे डोळ्यांना त्यांनीच शिकवलंय. त्या सवयीने या कुकीज केल्या की सुंठेची उत्तम बिस्किटं होतात, चहात बुडवायला अगदी छान.

माझ्या पहिल्या तीन खेपांची अशीच बिस्किटं झाली. नंतर पसरून झाल्या, केकासारख्या फुगून झाल्या, एकदा तर साबणासारख्या लागल्या. त्यातून जे कळलं ते इथे मांडते.

आधी माप सांगते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. बारा-तेरा कुकीजसाठी मैदा 145 ग्रॅम, बटर 85 ग्रॅम, ब्राऊन शुगर 100 ग्रॅम, काकवी किंवा मोलॅसिस (साखर काढल्यावर उरणारा दाट काळपट पाक) 40 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन टेबलस्पून, एका अंड्याचा फक्त बलक, खायचा सोडा सपाट 1 टीस्पून, सुंठ पूड दीड टीस्पून, दालचिनी पूड अर्धा टीस्पून, लवंगेची पूड चिमूटभर. बटर बिनमिठाचं असेल तर पाव टीस्पून मीठ. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, ते वापरलं तर मीठ नकोच. बटर आणि साखर दोन मिनिटं फेटायची, त्यात बलक आणि काकवी घालायची, कोरडं सगळं चाळून हलक्या हाताने मिसळायचं आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं. मग 30 ग्रॅमचे गोळे साखरेत घोळवून 175 अंशांवर 9 ते 10 मिनिटं भाजायचे. अंडं चालत नसेल तर बलकाऐवजी मी एक टेबलस्पून कंडेन्स्ड मिल्क घालते. दही घालून पाहिलं, त्याने केक होतो.

"अगं, कच्च्याच काढल्यास की!"

सातव्या मिनिटाला ओटीजीच्या, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या ओव्हनच्या, काचेतून बघा. गोळे पसरून फुगलेले असतात, वर भेगा पडायला लागलेल्या असतात आणि भेगांच्या आत ओलसर चमक दिसते. नवव्या मिनिटाला कडा बोटाला घट्ट लागतात, मध्ये दाबलं तर मात्र खड्डा पडतो. याच वेळी ट्रे बाहेर काढायचा. मी पहिल्यांदा तसा काढला तेव्हा सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "अगं, कच्च्याच काढल्यास की! ठेव अजून पाच मिनिटं." म्हटलं, "आई, दहा मिनिटं थांबा, मग सांगा." ट्रे ओट्यावर ठेवला. बघता बघता फुगलेल्या कुकीज खाली बसल्या, भेगा रुंदावल्या, वरची साखर चकाकायला लागली. दहा मिनिटांनी एक उचलली तर अख्खी उचलली गेली, आणि दुमडली तर लगेच न तुटता आधी वाकली.

यात जादू काही नाही. गरम ट्रेवर कुकी बाहेर आल्यावरही शिजत राहते, आणि तिच्यातली साखर गरम असताना पाकासारखी पातळ असते, थंड होताना धरते. तिळाची वडी थापताना मऊ लागते म्हणून आपण ती परत गॅसवर चढवत नाही. तोच न्याय इथे लावायचा. ओटीजीतच कडक झालेली कुकी थंड झाल्यावर अजून कडक होणार. ती पाच मिनिटं जास्त ठेवणं ही या सगळ्या लेखातली सर्वांत महागडी चूक आहे.

रंगावरही जाऊ नका. परदेशी फोटोंतला गडद तपकिरी रंग त्यांच्या मोलॅसिसचा असतो. काकवीच्या कुकीज फिक्याच दिसतात. रंग यायची वाट बघत बसलात तर रंग येईल आणि मऊपणा जाईल.

शिवाय ओटीजीच्या चकतीवर लिहिलंय तेवढंच तापमान आत असतं असं धरून चालू नका. मी आत ठेवायचा साधा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं की माझा ओटीजी 180 वर लावला की 200 च्या पुढे जातो. चार वर्षं मी पाककृत्यांना दोष देत होते! मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर करत असाल तर पंख्याच्या वाऱ्याने कडा लवकर सुकतात, म्हणून 160 च्या आसपास लावा. दुसरा घाणा पहिल्यापेक्षा मिनिटभर आधी होतो, कारण तोवर भिंतीही तापलेल्या असतात. लहान ओटीजीत खालची कॉइल जवळ असते. बुडं जळत असतील तर एका ट्रेखाली दुसरा उपडा ट्रे ठेवून बघा.

काकवी, मळी आणि ती ब्राऊन शुगर

कुकी मऊ राहते ती मुख्यतः साखरेमुळे, आणि कुठली साखर यावर सगळं अवलंबून आहे. साधी पांढरी साखर थंड होताना पुन्हा स्फटिक धरते, म्हणून नुसत्या तिच्या कुकीज कुरकुरीत होतात. मोलॅसिस आणि काकवीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि स्फटिक होऊ देत नाही. या कुकीजमध्ये मोलॅसिस आलं त्यामागे मात्र मऊपणापेक्षा स्वस्ताई होती. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर कॅरिबियन बेटांवरून मोलॅसिस यायचं, पांढऱ्या साखरेपेक्षा ते परवडायचं आणि त्याची रमही व्हायची. त्यावर कर बसवणारा कायदा ब्रिटिशांनी 1733 मध्येच केला होता. पुढे 15 जानेवारी 1919 ला बोस्टनमध्ये मोलॅसिसची अवाढव्य टाकी फुटली, रस्त्यांवर लाट आली आणि 21 माणसं गेली.

त्या टाकीतलं मोलॅसिस जायचं होतं अल्कोहोलसाठी. आपल्याकडेही हेच होतं. मोलॅसिस म्हणजे मळी, आणि साखर कारखान्यांची मळी मद्यार्क काढायला जाते, स्वयंपाकघरात येत नाही. इथे कामाला येते ती काकवी. पण दोन्ही एकच समजू नका. साखर काढून घेतल्यावर उरतं ते मोलॅसिस. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा आटवलेला अख्खा रस. त्यामुळे काकवी जास्त गोड, कमी कडू आणि बऱ्याचदा पातळ असते. गुऱ्हाळावरून किंवा बाजारातून आणलेली काकवी चमच्यातून पाण्यासारखी पडत असेल तर मंद आचेवर मधाइतकी दाट करून, गार करून मग वापरा. नाहीतर पीठ सैल होतं, आपण मैदा वाढवतो आणि तिथून सगळं घसरतं. परदेशातून कुणी बाटली आणणार असेल तर 'ब्लॅकस्ट्रॅप', म्हणजे सर्वांत गडद आणि कडू मोलॅसिस, नको म्हणून सांगा. माझ्या बहिणीने हौसेने नेमकी तीच आणली होती, कुकीज काढ्यासारख्या लागल्या.

ब्राऊन शुगरचंही असंच. पाकिटावर नाव असतं, पण आत सुटे, कोरडे, जाड दाणे असतील तर ती डेमेरारासारखी साखर आहे. ती नीट विरघळत नाही. खरी ब्राऊन शुगर मुठीत दाबली तर ओल्या वाळूसारखी तिची मूठ वळते. तशी मिळाली नाही तर 100 ग्रॅम साध्या साखरेत एक टेबलस्पून काकवी बोटांनी चोळा, काम झालं. (ही काकवी वरच्या 40 ग्रॅमपेक्षा वेगळी.) सगळी साखर काढून गूळ पावडर घातली तर चव सुरेख येते, पण पोत केकाकडे झुकतो आणि मध्ये न विरघळलेले ठिपके राहतात. निम्मी साखर, निम्मा गूळ इथवर मी जाते, त्यापुढे नाही.

रूम टेंपरेचर म्हणजे कुणाच्या रूमचं?

पाककृतीत 'रूम टेंपरेचरचं बटर' लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या घरात 20 अंश असतात, डोंबिवलीत मे महिन्यात 34. बटर 32 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळतं. म्हणजे आपलं रूम टेंपरेचरचं बटर हे जवळजवळ तूपच झालेलं असतं. त्याचं पीठ ओटीजीत शिरताच पसरतं आणि सगळ्या कुकीज एकमेकींना चिकटून एक घावन होतं, मध्ये पातळ आणि कडेला जळका. बटरमध्ये बोट रुतावं पण तुकड्याचा आकार मोडू नये, इतपत मऊ हवं. उन्हाळ्यात त्याला फ्रिजबाहेर दहा-पंधरा मिनिटं पुरतात. फेटताना ते चमकायला, ओघळायला लागलं तर भांडं सरळ फ्रिजमध्ये ठेवा. मळून झाल्यावरचा तो तासही गाळू नका. पीठ रात्रभर ठेवलंत तर गोळे दगड होतात आणि पसरतच नाहीत. ते पाच-सात मिनिटं बाहेर ठेवून वरून तळव्याने जरा दाबायचे.

बटरऐवजी तूप घालायचा मोह होतो, विशेषतः घरी कढवलेलं असलं की. नानकटाईला ते हवंच. पण बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असतं, त्याने मैद्याला किंचित ताण येतो, आणि तोच ताण आपल्याला इथे दाताखाली हवाय. तुपात पाणीच नाही, मग हातात येते भुरभुरणारी सुंठ-नानकटाई.

याच्या उलट तक्रार म्हणजे गोळे जसेच्या तसे राहतात, पेढ्यासारखे. तिथे दहापैकी नऊ वेळा मैदा जास्त झालेला असतो. कप पिठाच्या डब्यात खुपसून भरला तर त्यात 150 ग्रॅम मावतो, चमच्याने हलका भरला तर 120 ते 125. दोन कपांच्या पाककृतीत हाच फरक 50-60 ग्रॅमचा होतो. त्यात कपही निरनिराळे, कुणाचा 240 मिलिलिटरचा, कुणाचा 200 चा. तीन-चारशे रुपयांचा वजनकाटा घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. घालायचीच असेल तर एक तृतीयांशापर्यंत घाला आणि सोबत एक चमचा दूध घाला.

सोडा आणि सुंठ

बेकिंग पावडर आणि सोडा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सोड्याने कुकी पसरते, भेगाळते, तिला रंग येतो, पावडरीने ती नुसती फुगते. डब्यातल्या सोड्यावर लिंबू पिळून बघा, जोरात फसफसला तर ठीक. कमी फुगल्या म्हणून सोडा वाढवू नका, माझी साबणवाली खेप तशीच झाली होती.

सुंठेची पूड डाळींच्या मागे दोन वर्षं पडलेली असेल तर ती आता फक्त रंगाची पूड आहे. बरेच जण मग ताजं आलं किसून घालतात. त्यात पाणी फार आणि तंतूही, पीठ बिघडतं. आणि तिखटपणात सुंठ आल्याला हरवते, कारण आलं सुकताना त्यातल्या जिंजेरॉल नावाच्या तिखट द्रव्याचं शोगाओल हे दुसरं द्रव्य होतं, जे जास्त झोंबतं. सुंठ अख्खी आणून, किसून, चाळून घेतली तर खोलीभर वास येतो. ज्यांना घासात आल्याचा तुकडा हवा त्यांनी आलेपाकाच्या दोन वड्या बारीक तुकडे करून पिठात घालाव्यात. मला हा प्रकार फार आवडतो. दोनच घाला, जास्त घातल्या तर साखर वाढून कुकी पसरते.

ट्रेला तेल-तूप चोपडू नका, गोळे घसरत पसरतात. बेकिंगचा कागद लावा. वाण्याकडचा मेणाचा कागद ओटीजीत धूर करतो. दोन गोळ्यांत दोन इंच जागा सोडा. पहिला घाणा काढल्यावर ट्रे नळाखाली धरून, पुसून, पूर्ण गार करून मगच दुसरे गोळे ठेवा. आमच्याकडे मुलं इतकी घाई करतात की मी आता दोन ट्रे ठेवलेत.

डब्यात भरताना

कुकीज लवकर गार व्हाव्यात म्हणून पंख्याखाली ठेवल्या तर मऊ कुकीचीही तासाभरात वरून टोस्ट होते. कोमट असताना डबा लावला तर उलटं, वाफ आतच धरते आणि कुकीज खरंच वातड होतात. ट्रेवर दहा मिनिटं, जाळीवर अर्धा-पाऊण तास, मग घट्ट झाकणाचा डबा. तीन-चार दिवस त्या छान राहतात. जास्त करायच्या असतील तर भाजलेल्या कुकीज साठवण्यापेक्षा कच्चे गोळे फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागतील तसे थेट भाजा, मिनिट-दोन मिनिटं जास्त देऊन.

एवढं करूनही कडक झाल्याच तर टाकू नका. डब्यात कुकीजवर पावाची एक स्लाइस ठेवून रात्रभर झाकण लावा. कुकीतली साखर पावातलं पाणी ओढून घेते. सकाळी कुकीज मऊ आणि स्लाइस टोस्टसारखी कडक मिळते. आमच्याकडे ती स्लाइस सासूबाईंच्या चहात जाते, आणि दालचिनीचा वास लागलाय म्हणून त्यांना ती कुकीपेक्षा जास्त आवडते.