अवघड गणित, एक पाइंट आणि रफ वही

रिअल अ‍ॅनालिसिसची, म्हणजे सिद्धतांच्या गणिताची, असाइनमेंट समोर आहे. आठातले तीन प्रश्न सुटलेत, चौथ्यावर तासभर डोकं फोडून झालंय आणि फ्रिजमध्ये एक पाइंट गार होऊन पडलाय. तो उघडायला हरकत नाही, फक्त कधी उघडायचा ते नीट ठरवावं लागतं. वेळ साधली तर बिअरची चवही लागते आणि गणितही पुढे सरकतं. वेळ चुकली तर बिअर कोमट होते आणि वहीची दोन पानं अशी भरतात की सकाळी फाडून टाकावी लागतात.

आधी, कोणी उघडू नये. महाराष्ट्रात २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बिअर घेता येत नाही, म्हणजे बीएस्सीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या बहुतेकांसाठी हा विषयच नाही. होस्टेलवर राहत असाल तर तिथले नियम पाळा. एका पाइंटपायी खोली सोडावी लागणं परवडत नाही. कुठलंही औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शनिवारी गावी जाऊन तिथे अभ्यास करायचा बेत असेल आणि गाव वर्धा किंवा गडचिरोली जिल्ह्यात असेल, तर नागपुरातून बॅगेत बाटली टाकून नेऊ नका. दोन्ही जिल्ह्यांत दारूबंदी आहे. आणि गणित येत नाही म्हणून जीव रडकुंडीला आला असेल, तर त्या दिवशी बिअर नकोच. नागपुरातल्या फुटाळा तलावावर अर्धा तास चक्कर मारून या, त्याचा उपयोग जास्त होतो. बिअरशिवाय वही उघडवतच नाही असं व्हायला लागलं, तर बिअर काही दिवस पूर्ण बंद ठेवा आणि कोणाशी तरी मोकळेपणी बोला.

आता किती, ते बघू. हाही हिशेबच आहे, तो वहीत मांडून बघा. ३३० मिलीचा पाइंट, माइल्ड, ५ टक्के: शुद्ध अल्कोहोल १६.५ मिली. अल्कोहोलची घनता ०.७९ धरली तर १३ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. म्हणजे एका माइल्ड पाइंटचा निकाल लागायला दीड ते दोन तास. हाच हिशेब ६५० मिलीच्या ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीचा करा: ५२ मिली, म्हणजे ४१ ग्रॅम, म्हणजे चार ते सहा तास. बिअर शॉपीत गेल्यावर ‘मोठी बाटली स्वस्त पडते’ म्हणून स्ट्राँग उचलणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. ती उघडल्यावर त्या रात्री गणित होत नाही. एका बैठकीला एक माइल्ड पाइंट, एवढंच. दुसरा फ्रिजमध्येसुद्धा ठेवू नका, म्हणजे त्याची आठवण येणार नाही.

आणि दुसरा आणायला गाडी तर काढूच नका. रक्तात दर १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे. रिकाम्या पोटी एक माइल्ड पाइंट घेतलेल्या ७० किलोच्या पुरुषाचा आकडा अंदाजे २७ येतो. ५५ किलोच्या बाईचा ४३ च्या आसपास. अंग हलकं असेल तर पहिल्याच पाइंटला मर्यादा ओलांडली जाते.

वेळेचं गणित असं ठेवा. साडेसातला जेवून घ्या. आठ ते नऊ कोरडा तास. या तासात बिअर नाही, फक्त प्रश्न, व्याख्या आणि पुस्तक. प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी लिहायच्या: दिलंय काय आणि दाखवायचंय काय. त्यात येणाऱ्या प्रत्येक शब्दाची व्याख्या पुस्तकातून जशीच्या तशी उतरवून घ्यायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि बिअरसोबत ते कधीच नीट होत नाही, म्हणून ते आधी. ज्यात लांबलचक आकडेमोड आहे, म्हणजे मॅट्रिक्सचं रो रिडक्शन किंवा पार्ट्सने तीनदा करायचं इंटिग्रेशन, तेही याच तासात उरकून घ्या. नऊ वाजता पाइंट उघडा.

पाइंटचे तीन ग्लास करायचे, प्रत्येकी ११० मिली. बाटली फ्रिजमध्येच राहू द्या, टेबलावर फक्त ग्लास आणा. पहिला नऊला, दुसरा साडेनऊला, तिसरा दहाला. घोट घोट घेतलं तर अर्धा तास पुरतो. असं केल्याने शेवटचा घोटही गार मिळतो, आणि दर अर्ध्या तासाला उठणं होतं, ते अडलेल्या गणिताला फार मानवतं. ग्लास साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळबळून घ्या, तेलकट ग्लासात फेस टिकत नाही. ओतताना तिरका धरा आणि अर्धा भरला की सरळ करा. दोन बोटं फेस पुरे.

बिअर गार करायला विसरलात तर फ्रीझरमध्ये टाकून अभ्यासाला बसू नका. बिअर शून्याच्या दोन-तीन अंश खाली गोठते आणि फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो; अ‍ॅनालिसिसच्या एप्सिलॉन-डेल्टाच्या नादात तासभर गेला की काचेचा चुरा. त्यापेक्षा बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घाला, त्यात पंधरा-वीस मिनिटांत पाइंट पिण्याजोगा होतो. नुसत्या बर्फात ठेवलं तर बाटलीला खडे इथे-तिथेच टेकतात. पाणी मात्र चहूबाजूंनी भिडतं, म्हणून ते लवकर गार करतं. मे महिन्यात संध्याकाळी लाइट गेली तर हीच बादली कामाला येते.

नागपूरच्या उन्हाळ्यात टेबलाची मांडणी वेगळी लागते, कारण खोलीत कूलर असतो. बाहेरची हवा कोरडी असली तरी कूलर खोलीत ओल भरतो, त्यामुळे गार ग्लासला बाहेरून घाम फुटतो आणि तो घाम नेमका व्याख्येवर गळतो. ग्लास उजव्या हाताशी ठेवू नका, लिहिता लिहिता कोपर लागतं. डावखुरे नसाल तर डावीकडे, वहीपासून हातभर लांब, खाली जुना नॅपकिन. जेल पेन अजिबात नको, एका थेंबात ओळ पसरते. रफ कामाला पेन्सिल, फेअरला बॉलपेन. सुटे कागद कूलरच्या झोतात उडतात, म्हणून रफ काम शिवलेल्या वहीतच करा. दुसऱ्या दिवशी पानांचा क्रमही शाबूत राहतो.

आता मुख्य गोष्ट: नऊ ते साडेदहा या वेळात गणिताचं नेमकं काय करायचं. थोड्या अल्कोहोलनेही पहिला फटका बसतो तो एकाच वेळी चार गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याच्या ताकदीला. चिन्ह, कंस, कुठला चल कशावर अवलंबून आहे, हे सगळं त्यातच येतं. भीती मात्र थोडी सैल होते, चुकेल म्हणून हात आखडत नाही. २०१२ साली शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात थोडी चढलेल्या लोकांनी शब्दांच्या जुळणीची कोडी जास्त सोडवली होती. पण ती कोडी शब्दांची होती आणि एका झटक्यात सुचणारी होती. सिद्धतेतली दहावी ओळ नवव्या ओळीवरून निघते की नाही हे तपासणं ते नव्हे. म्हणून बिअरच्या वेळात उदाहरणं घ्यायची, आकृत्या काढायच्या, किमती घालून बघायच्या. सिद्धता लिहायची नाही.

एक प्रश्न जवळून बघा. एक्सचा एनवा घात, अंतराल ० ते १. हा क्रम पॉइंटवाइज कन्व्हर्ज होतो पण युनिफॉर्मली होत नाही, हे दाखवा. कोरड्या तासात दोन्ही व्याख्या उतरवल्या आहेत: पॉइंटवाइजमध्ये मोठा एन (ज्याच्या पुढे क्रम मर्यादेजवळच राहतो तो आकडा) एक्सवर अवलंबून असू शकतो, युनिफॉर्ममध्ये एकच मोठा एन सगळ्या एक्सना चालला पाहिजे. आता पहिला ग्लास आणि कॅल्क्युलेटर. एप्सिलॉन, म्हणजे मर्यादेपासून (एकापेक्षा लहान एक्सना शून्यापासून) चालणारं अंतर, ०.०१ घ्या आणि विचारा, घात ०.०१ च्या खाली जायला एन किती लागतो? एक्स ०.५ ला ७. एक्स ०.९ ला ४४. ०.९९ ला ४५९. ०.९९९ ला ४६०३. हे चार आकडे एकाखाली एक लिहा आणि शांतपणे बघत बसा. घोट घेत बघण्यासारखंच ते आहे. एक्स एकाकडे सरकतो तसा एन हाताबाहेर जातो. युनिफॉर्म का नाही, हे डोळ्यांना दिसलं.

इथेच ती चूक होते, जी बिअरच्या वेळी बरोबर वाटते: ‘प्रत्येक एक्सला एन आहे, मग त्यातला सगळ्यात मोठा घेऊ.’ असंख्य एक्स आहेत, सगळ्यात मोठा एन असेलच असं नाही, आणि तुमचा तक्ताच सांगतोय की इथे तो नाही. अशी ओळ हातून लिहिली गेली तर खोडू नका, समासात प्रश्नचिन्ह टाका. दुसऱ्या ग्लासात उलट बाजूने या: प्रत्येक एनसाठी असा एक्स सापडेल का, जो काही केल्या शून्याजवळ जात नाही? अर्ध्याचं एनवं मूळ घ्या. त्याचा एनवा घात नेहमी अर्धाच. म्हणजे एप्सिलॉन पाव घेतला तर कुठलाच एन पुरत नाही. सापडलं! रफ वहीत त्याभोवती मोठा गोल करा आणि थांबा. आणि वर ०.९ च्या ओळीत ४४ दिसतोय ना, त्यात पुढच्या पोटप्रश्नाचं उत्तर आहे: अंतराल ० ते ०.९ असेल तर ०.०१ साठी ४४ सगळ्यांना चालतो, आणि दुसरा कुठलाही एप्सिलॉन घेतला तरी ०.९ चा एन सगळ्यांना चालतो, म्हणून तिथे कन्व्हर्जन्स युनिफॉर्म आहे.

असाइनमेंट स्टॅटिस्टिक्सची असेल तर तिचं बिअरशी नातं जुनं आहे. टी-टेस्ट ज्याच्या कामातून आली तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होता आणि १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तो निबंध छापला. कारखान्यात नमुने थोडेच मिळायचे, आणि थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येतं हाच त्याचा प्रश्न होता. तुमच्या गणितातही हीच जागा घसरायची आहे. पाच निरीक्षणं असतील तर डिग्रीज ऑफ फ्रीडम एकाने कमी, म्हणजे ४, आणि ९५ टक्क्यांना टी-टेबलमधली किंमत २.७७६. सवयीने नॉर्मलचा १.९६ लिहिला जातो, किंवा पाचच्या ओळीतला २.५७१. टेबलमधून आकडा काढायचं काम म्हणूनच कोरड्या तासातलं.

चकण्याला फुटाणे, उकडलेल्या शेंगा, काकडी. तिखट-खारट शेव-चिवडा घेतला की तहान लागते आणि तीन ग्लास दीड तासाऐवजी अर्ध्या तासात संपतात. सावजी मागवायचा मोह आवरा: तर्रीचा एक ठिपका पानावर पडला की ते पान पारदर्शक होतं, आणि तेवढ्या जेवणावर मेझर थिअरीसारखं अवघड गणित काय, बेरीजही होत नाही. प्रत्येक ग्लासमागे ग्लासभर पाणी प्या.

साडेदहाला वही बंद. यानंतर ‘आता सुचतंय तर लिहूनच टाकतो’ असं वाटतं, आणि तेव्हा लिहिलेल्या सिद्धतांमध्ये ठराविक चुका निघतात: ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक तरी’ यांची अदलाबदल, उणे चिन्ह कंसाबाहेर येताना हरवणं, शून्य असू शकणाऱ्या पदाने भागणं, इंडक्शनमध्ये पहिली पायरी गाळणं. सुचलेली कल्पना दोन ओळींत टिपून ठेवा, एवढंच. बिअर आणि झोप यांत दोनेक तास तरी जाऊ द्या. अल्कोहोल अंगात असताना झोप लागते पटकन, पण उत्तररात्री तुटते, आणि शिकलेलं पक्कं व्हायला ती अखंड झोप लागते. मधल्या वेळात भांडी घासा, गच्चीवर जा, काहीही करा. दुसऱ्या दिवशी सेशनल, म्हणजे कॉलेजची अंतर्गत परीक्षा, असेल तर मात्र पाइंट उघडायचाच नाही, हे आधीच ठरलेलं असू द्या.

फेअर कॉपी सकाळी, तर्री पोहे खाऊन, कोरड्या डोक्याने. रफ वहीतलं गोल केलेलं घ्या आणि व्याख्येपासून सुरू करून प्रत्येक ओळीपुढे ती कशावरून आली ते पेन्सिलीने लिहा. जिथे कारण लिहिता येत नाही, तिथे रात्रीची चूक लपलेली असते. समासातली प्रश्नचिन्हं एकेक करून मिटवा. सिद्धता पूर्ण झाल्याची खूण म्हणून शेवटी काढतात तो छोटा चौकोन या तपासणीनंतरच काढायचा, त्याआधी जागा मोकळी ठेवा.