जुन्या पीसीवर स्पॅम फिल्टर: रॅम किती लागेल?

भोसरी एमआयडीसीतल्या काही वर्कशॉपचे मेल सर्व्हर मी सांभाळतो. बहुतेक जुन्या डेस्कटॉपवरच. "स्पॅम फिल्टर टाकायचाय, रॅम पुरेल ना?" असं मालकांनी विचारलं की मी उलट विचारतो, अँटीव्हायरसपण हवाय का? सगळा हिशोब तिथेच फिरतो.

स्पॅमअसॅसिन हा नेहमीचा फुकट स्पॅम फिल्टर. मेल तपासायला तो स्वतःच्या प्रती चालवतो, त्या चाइल्ड प्रोसेस; एक ढोबळमानाने 100 एमबी धरा. काही बदललं नाही, तर अशा 5 पर्यंत चालतात. लिनक्सच्या 'टॉप' कमांडमधल्या आकड्यांची बेरीज करत बसू नका. बरीच मेमरी सामाईक असते, त्यामुळे बेरीज फुगते. 'फ्री -एच' मारा आणि 'अव्हेलेबल'चा रकाना बघा.

खरा खादाड क्लॅमएव्ही, म्हणजे अँटीव्हायरस. व्हायरस ओळखायच्या खुणा, म्हणजे सगळ्या सिग्नेचर, मेमरीत ठेवतो, म्हणजे 1 जीबीच्या वर गेलाच. आणि नवीन डेटाबेस आला की तो पूर्ण लोड होईपर्यंत जुनाही सोडत नाही, तेवढा वेळ मेमरी दुप्पट लागते. 2 जीबीच्या मशीनवर मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरी मोकळी करायला कुठल्या तरी प्रोग्रामचा बळी घेतो. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज' कमांडमध्ये 'आउट ऑफ मेमरी' सापडेल. क्लॅमडीच्या (क्लॅमएव्हीची सतत चालणारी सेवा) कॉन्फिगमध्ये 'कॉन्करंट डेटाबेस रीलोड' 'नो' करा. रीलोड होईपर्यंत स्कॅनिंग थांबतं, म्हणून अपडेट रात्री लावा.

मोजमाप मात्र शुक्रवारी सकाळीच घ्या. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, सर्व्हर बंद. पाठवणाऱ्यांच्या रांगेत अडकलेली मेल, ड्रॉइंगच्या अटॅचमेंटसकट, शुक्रवारी मशीन चालू झालं की येऊन आदळते. इतर दिवशीचा आकडा बघून रॅम ठरवली तर नेमकं तेव्हाच रडायची वेळ येते. यावर उपाय फुकटचा आहे: स्पॅमडीला (स्पॅमअसॅसिनची सतत चालणारी सेवा) '-एम 2' द्या. दोनच चाइल्ड चालतील, बाकीची मेल पोस्टफिक्सच्या, म्हणजे मेल सर्व्हर प्रोग्रामच्या, रांगेत थांबेल. कोटेशन दहा मिनिटं उशिरा पोचलं म्हणून ऑर्डर जात नाही.

2 जीबीच असेल तर मी क्लॅमएव्ही टाकतच नाही. डॉट ईएक्सई आणि डॉट जेएस अटॅचमेंट सरळ नाकारतो. नवीनच बसवायचं असेल तर स्पॅमअसॅसिनऐवजी आरस्पॅमडी हा फिल्टर घ्या; सी भाषेत लिहिलाय, हलका आहे. फक्त सोबतच्या रेडिसला (मेमरीत चालणारा डेटाबेस) 'मॅक्समेमरी'ची मर्यादा घाला.

अँटीव्हायरसचा हट्टच असेल तर 4 जीबी. पुण्याच्या तपकीर गल्लीत रॅम घ्यायला जाण्याआधी मशीन उघडून स्लॉट बघा, डीडीआर3च्या जागी डीडीआर4 बसत नाही.